एकट्याने आलेल्याला जागा



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान माणसे येतात. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही वाचन झाले ते पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून झाले. तीस वर्षे कामगार संघटनेचे काम केल्यामुळे बोलण्याची सवय आहे. पण ती सवय कारखान्याच्या फाटकासमोर बोलण्याची. तेव्हा मधूनच आवाज चढला तर आपण सांभाळून घ्यावे.

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. वेतनकरार आणि कंत्राटी कामगार यांविषयी बोलणारा माणूस चर्चविषयी काय सांगणार? विषय असा आहे : गावाहून शहरात एकट्याने आलेला, लग्न न झालेला ख्रिस्ती तरुण किंवा तरुणी, आणि त्यांना आपले म्हणणारी मंडळी. 'मंडळी' हा शब्द आधी स्पष्ट करतो. मराठी ख्रिस्ती माणूस उपासनेच्या इमारतीला चर्च म्हणेल, कोणी देऊळ म्हणेल. पण तिथे जमणाऱ्या माणसांना तो मंडळी म्हणतो. हा शब्द फार चांगला आहे. त्यात विटा नाहीत, माणसे आहेत. माझा आजचा प्रश्न त्या माणसांविषयी आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती लोक होते. म्हणजे शंभरात एकाहूनही किंचित कमी. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे केले. तेव्हापासून नगर जिल्ह्यात, पुढे जालन्याकडे, मिरजेकडे ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या बहुतेक गावखेड्यांतल्या. वसईकडच्या कॅथलिक मंडळींचा इतिहास याहून जुना, पोर्तुगीज काळापासूनचा. या गावांतली मुले आज पुण्याला, पिंपरी-चिंचवडला, मुंबईला कामासाठी जातात. कोणी रुग्णालयात परिचारिका, कोणी गोदामात, कोणी कारखान्यात कंत्राटावर. परिचारिकेच्या कामात ख्रिस्ती मुली पूर्वीपासून पुष्कळ आहेत, आणि खाजगी रुग्णालयांतल्या नोकरांचे काम मी पाहतो, म्हणून या मुलींच्या अडचणी माझ्या कानांवर येतात. पगाराची अडचण त्या कार्यालयात सांगतात. रविवारची अडचण चहाच्या टपरीवर सांगतात.

रविवारची अडचण म्हणजे काय? गावी मंडळी जन्मापासून ओळखीची असते. बाप्तिस्मा तिथलाच, दृढीकरण तिथलेच, नाताळची नाटके तिथलीच. शहरात आल्यावर तीच मुलगी शेवटच्या बाकावर बसते, प्रार्थना करते, गीत म्हणते आणि उठून निघून जाते. तिला कोणी हाकलत नाही. तसेच तिला कोणी थांबवीतही नाही. दोन-चार रविवार असे गेले की ती जाणे सोडते. मग आम्ही वडीलधारे म्हणतो, हल्लीच्या पोरांना श्रद्धा राहिली नाही!

मी स्वतः नगर जिल्ह्यातल्या अशाच मंडळीतला. १९८९ साली एकोणीस वर्षांचा असताना पिंपरीला आलो आणि प्रेसवर हेल्पर म्हणून लागलो. एका मोठ्या चर्चमध्ये सलग तीन रविवार गेलो. तिसऱ्या रविवारी एका गृहस्थांनी माझ्याशी पहिले वाक्य बोलले, ते असे : "हा बाक आमच्या घरच्यांचा आहे." त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांची चार माणसे उभी होती आणि मी एकटा बसलो होतो. पण आज छत्तीस-सदतीस वर्षांनंतरही तो बाक डावीकडून कितवा होता, ते मला सांगता येईल. मी उठलो आणि त्यानंतर सायकल काढून दुसऱ्या, पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या लहान मंडळीत जाऊ लागलो. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी उपासना संपल्यावर विचारले, "जेवतोस कुठे रे?" मेस रविवारी संध्याकाळी बंद असते, हे त्यांना ठाऊक होते. प्रवचन काय झाले ते मी विसरलो. तो प्रश्न विसरलो नाही.

बाकांचा हा तंटा आपल्याकडचाच आहे असे मात्र समजू नका. इंग्लंडात आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात चर्चमधले बाक भाड्याने देण्याची पद्धत होती. कुटुंबाने वर्षाचे भाडे भरायचे आणि बाक राखून ठेवायचा. गरिबाने, घरगड्याने, एकट्या मोलकरणीने मागच्या फुकट बाकांवर किंवा माडीवर बसायचे. ही पद्धत गेली. पण भाडे न भरताही मनात बाक राखून ठेवता येतो.

वास्तविक या धर्माच्या मूळ पुस्तकात एकट्या माणसाला किती जागा आहे, ते पाहण्यासारखे आहे. येशूच्या लग्नाचा उल्लेख शुभवर्तमानांत कुठे नाही. पौल एकटा होता, हे त्याने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायावरून दिसते. हा पौल करिंथ शहरात एकटा आला, तेव्हा तो कुठे उतरला? प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे की, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे तो राहिला, कारण त्यांचा आणि त्याचा धंदा एकच, तंबू करण्याचा. कामगार कार्यकर्ता म्हणून मला हे फार मोलाचे वाटते. आधी धंद्याची ओळख, मग एका छपराखाली राहणे, मग एकत्र काम, आणि त्यातून मंडळी. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय तर जवळजवळ सगळा नावांचा आहे. आरंभी फिबी नावाच्या बाईची शिफारस : ही तुमच्याकडे येत आहे, हिला स्वीकारा, हिला जे लागेल ते द्या. पुढे पंचवीसच्या आसपास माणसांना नावे घेऊन सलाम. ज्या मंडळीत नावे घेतली जात होती, तिच्या आजच्या वारसांनी शेवटच्या बाकावरच्या मुलीचे नाव तीन महिने विचारू नये, हे कसे?

आता इतिहासातली दोन उदाहरणे देतो. दोन्ही कामगारांशी संबंधित आहेत, म्हणून मी ती मुद्दाम जपून ठेवली आहेत.

पहिले लंडनचे. १८४० च्या सुमारास तिथल्या कापडदुकानांत खेड्यांतून आलेले शेकडो तरुण नोकर होते. दिवस उजाडल्यापासून रात्रीपर्यंत काउंटरवर उभे राहायचे आणि दुकानाच्याच माडीवर, एका खोलीत अनेकांनी झोपायचे. लग्न करण्याजोगी मिळकत नाही, घर नाही, बाहेर गुत्ता आणि जुगार. सॉमरसेट परगण्यातून आलेला जॉर्ज विल्यम्स हा त्यांतलाच एक, सेंट पॉल चर्चच्या आवारालगतच्या दुकानात नोकर. ६ जून १८४४ रोजी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी, अशा बारा तरुणांनी, त्या माडीवरच्या खोलीत एक संस्था काढली. तीच वाय.एम.सी.ए. विल्यम्सचे वय तेव्हा बावीस. लक्षात घ्या : समोर सेंट पॉलचे भव्य मंदिर उभे होते. घुमट होता, गायकवृंद होता, धर्माधिकारी होते. तरी पोरांना आपली बैठक आपल्या झोपायच्या खोलीत भरवावी लागली. पुढे १८५५ साली तरुणींसाठी वाय.डब्ल्यू.सी.ए. निघाली आणि १८७५ साली मुंबईत वाय.एम.सी.ए. आली. या संस्थांनी प्रार्थनेबरोबर वाचनालय दिले, वर्ग दिले, राहायला खाट दिली. एकट्या माणसाला खाट लागते, ही साधी गोष्ट त्यांना कळली.

दुसरे उदाहरण ब्रिस्टलचे. जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर तिथल्या सभागृहाचे कर्ज होते. १७४२ साली एकाने सुचवले की, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि बारा-बारा जणांमागे एकाने घरोघर जाऊन ती गोळा करावी. कर्ज फेडण्याची ही युक्ती. पण वर्गणी घ्यायला जाणाऱ्याला घर दिसू लागले : कोण आजारी, कोण बेकार, कोण दारूला लागला, कोण एकटा रडतो. म्हणून वेस्लींनी ही बाराजणांची वर्गपद्धती सगळीकडे लावली. बंधूंनो, ज्याने कामगारांची वर्गणी दारोदार फिरून गोळा केली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. वर्गणी पगारातून परस्पर कापून मिळू लागली की युनियनचा पैसा वाढतो आणि युनियनचे डोळे जातात. इंग्लंडातल्या टॉलपडल खेड्यातल्या सहा शेतमजुरांना १८३४ साली संघटना केल्याबद्दल ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडले. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट उपदेशकच होता. संघटना करण्याची विद्या ही माणसे पुष्कळ अंशी अशा बाराजणांच्या बैठकीत शिकली. हे ऋण मान्य करायला कामगार चळवळीने लाजू नये.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. एकट्या तरुण माणसाला आमच्या मंडळ्यांत जागा का सापडत नाही? मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण, मंडळीची सारी रचना कुटुंबावर बसवलेली आहे. मुलांसाठी संडे स्कूल, पोरांसाठी तरुण संघ, विवाहित बायांसाठी महिला मंडळ. तीस वर्षांची अविवाहित परिचारिका यांपैकी कशात बसते? तरुण संघात सोळा वर्षांची मुले, महिला मंडळात सुनांच्या गोष्टी. तिला लोक भेटतात ते एकच विचारायला : "यंदा तरी बातमी आहे का?" अविवाहित पौलाची पत्रे दर रविवारी वाचणाऱ्यांनी अविवाहित राहणे हे दुखणे समजावे, ही मोठी गंमत आहे.

दुसरे कारण, नावाआधी आडनाव विचारण्याची खोड. आडनावावरून गाव, गावावरून जात. धर्मांतराला शंभर-दीडशे वर्षे झाली तरी ही चौकशी उंबऱ्यावर बसलेलीच आहे. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभेत सोन्याची अंगठी घातलेला आला तर त्याला चांगली जागा आणि मळक्या वस्त्राचा आला तर त्याला पायाशी, या वागण्याचा स्पष्ट निषेध आहे. अंगठीच्या जागी आडनाव घातले म्हणजे दोष बदलत नाही.

तिसरे कारण वेळेचे. उपासना रविवारी सकाळी. रुग्णालयातली पाळी रविवारी सुटत नाही. उलट लग्न झालेल्यांना सुट्टी देऊन बिनलग्नाच्या मुलींना रविवारची ड्यूटी लावतात. संध्याकाळची उपासना असली तर वसतिगृहाचे फाटक लवकर बंद. आमच्या शाखेच्या सभा दुसऱ्या पाळीच्या वेळी भरत, तेव्हा दुसऱ्या पाळीचे लोक येत नसत, आणि पहिल्या पाळीचे म्हणत की त्यांना संघटनेची आस्था नाही. सभेची वेळ बदलली तेव्हा आस्था आपोआप आली.

कोणी म्हणेल, माणूस चर्चला देवासाठी जातो, चहापाण्यासाठी नाही. बरोबर आहे. पण देव एकट्याने खोलीतही भेटतो. मंडळी कशासाठी आहे? एकमेकांचे ओझे वाहण्यासाठी, असे त्यांचीच शिकवण सांगते. ओझे कोणते ते विचारल्याशिवाय वाहणार कसे?

मात्र इथे एक इशारा द्यायला हवा, आणि तो मी अनुभवाने देतो. स्वागत म्हणजे सगळे चांगलेच असे नाही. फोडाफोडी करायला आलेला मालकाचा माणूसही आधी चहाच पाजतो. शहरात असे काही लहान-मोठे गट असतात की, एकट्या पोराला ते पहिल्याच दिवशी मिठी मारतात, आठ दिवसांत त्याचे सगळे संध्याकाळचे वेळ घेतात, महिन्यात पगाराचा दशांश मागतात, आणि मग घरच्यांशी बोलू नको, अमक्याशीच लग्न कर, असे सांगू लागतात. जिथे प्रश्न विचारला की प्रेम आटते, तिथे ते प्रेम नव्हते. ती भरती होती.

या बाबतीत पंडिता रमाबाईंचे चरित्र तरुणांनी वाचावे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वय पंचवीस, नवरा वारलेला, जवळ लहानगी मनोरमा. वाँटेज इथल्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला आणि त्याच वर्षी तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. उपकार मोठे होते. तरी पंथाची काही मते त्यांच्या बुद्धीला पटेनात, तेव्हा त्यांनी ती मान्य करायला नकार दिला. त्यांच्याशी मायेने वागणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार आज छापलेला आहे. आसरा घेतला म्हणून विवेक गहाण टाकला नाही. पुढे १८८९ साली मुंबईत शारदा सदन आणि नंतर केडगावला मुक्ती मिशन काढून या एकट्या बाईने शेकडो एकट्या बायांना घर दिले. आश्रय कसा द्यावा आणि कसा घ्यावा, दोन्ही त्यांना ठाऊक होते.

म्हणून शहरात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी चार खुणा सांगतो. इमारत, वाद्ये, पडद्यावर चमकणारी अक्षरे यांवर जाऊ नका. पहिली खूण : उपासना संपल्यावरची पंधरा मिनिटे पाहा. लोक आपापल्या घोळक्यात वळतात, की कोणी घोळका सोडून तुमच्याकडे येतो? दुसरी : बुधवार पाहा. ताप आला तर यांच्यापैकी कोण खोलीवर पेज घेऊन येईल, त्याचे नाव तुम्हांला घेता येते का? तिसरी : काम पाहा. तुम्हांला गाता येते, हिशेब येतो, शिकवता येते; तर ते काम तुम्हांला मिळते, की लग्न होईपर्यंत तुम्ही उमेदवारच? चौथी : पैसा पाहा. दानाचा हिशेब सर्वांसमोर वाचतात का, आणि तुम्ही एखादी शंका काढली तर पुढच्या रविवारी तुमच्याशी आधीसारखेच बोलतात का?

भाषेचाही विचार करा. पूर्वी कॅथलिकांची मिस्सा लॅटिनमध्ये होई. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती लोकांच्या भाषेत आली. शहरात आल्यावर इंग्रजी उपासनेला गेले तर आपण पुढारलो असे काहींना वाटते. ज्याला खरोखर आवडते त्याने जरूर जावे. पण दुःखाच्या वेळी माणूस ज्या भाषेत देवाला हाक मारतो, त्या भाषेत गाणारी माणसे जवळ असावीत. पंथांच्या पाट्यांनाही फार भिऊ नका. १९७० साली नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली. एवढे मोठे लोक एकत्र येऊ शकतात, तर तुम्ही गल्ली ओलांडून पाहायला हरकत नाही. आणि एकदा जागा बरी वाटली तर तीन-चार महिने तरी टिका. दर रविवारी नवे चर्च चाखणाऱ्याला कोणी ओळखत नाही, आणि त्याचा दोष मंडळीवर टाकता येत नाही. मोबाइलवर उपासना ऐकता येते. २०२० च्या साथीत तीच कामाला आली. पण मोबाइल पेज आणून देत नाही.

आता मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना नम्र विनंती. गावाहून मूल निघाले की नुसता दाखला देऊन भागवू नका. पौलाने फिबीसाठी केले तसे करा; शहरातल्या पाळकाला नाव लिहून कळवा, फोन करा. शहरातल्या मंडळीने दाराशी असा माणूस ठेवावा ज्याला चेहरे आठवतात. खोली मिळवायला मदत करावी. कारण एकट्याला, त्यात मांसाहार करणाऱ्याला, घरमालक कसे वागवतात हे आपण जाणता. आणि दर रविवारी एका घराने एका पाहुण्याला जेवायला न्यावे. याला ठराव लागत नाही, निधी लागत नाही. भाकरी दोन जास्त लागतात.

नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि घरादाराला मुकले. लक्ष्मीबाई पुढे काही वर्षांनी त्यांना येऊन मिळाल्या. तुटून एकटे पडणे म्हणजे काय, ते त्यांनी भोगले होते. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ साली ते वारले आणि तो दरबार वाढला नाही. पण भिंत कुठे घालायची यापेक्षा दार कुठे ठेवायचे याचा विचार करणारा एक मोठा मराठी माणूस होऊन गेला, एवढे आपण ध्यानात ठेवू.

इथे जमलेल्यांपैकी बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत, याची मला जाणीव आहे. तरी हा विषय तुमचाही आहे. गिरणगावात एकेका गावाच्या मंडळाने खोली घेऊन नव्या पोराची वळकटी टेकायला जागा दिली, म्हणून मुंबई उभी राहिली. आज गिरण्या गेल्या, ती मंडळे विरळ झाली, आणि एकट्याने येणाऱ्यांची संख्या मात्र वाढतेच आहे. आमची युनियन असो, तुमचे वाचनालय असो, भजनी मंडळ असो की सोसायटीची सभा. संस्था जिवंत आहे की नाही हे तिच्या अध्यक्षाच्या भाषणावरून कळत नाही. नवा माणूस आत आला तेव्हा कोण उठले, त्यावरून कळते.